ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही ज्या ज्या गावांत बचत गटाच्या बैठकीला गेलो, तिथे एक प्रश्न हमखास निघाला. शिबिरात ते कार्ड काढून दिलंय, ‘आभा’ म्हणतात त्याला, त्याचं करायचं काय? कुणी म्हणालं, ते दाखवलं की पाच लाखांचं ऑपरेशन फुकट होतं. कुणी म्हणालं, ते काढलं नाही तर सरकारी दवाखान्यात उभं करत नाहीत. एका मावशींनी तर ते लॅमिनेट करून देवघरात ठेवलं होतं. म्हणून आजचं बोलणं या कार्डाबद्दल.

आधी घोटाळा निस्तरू. पाच लाखांचं जे आहे ते आयुष्मान कार्ड. त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मिळतात. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि ती योजना जोडूनच चालतात. आभा कार्ड वेगळं. त्यावर एक पैसा मिळत नाही. त्यावर असतो फक्त चौदा आकड्यांचा एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाला आपल्या दुखण्याखुपण्याचे कागद जोडता येतात. नावात दोन्हीकडे ‘आयुष्मान’ आहे, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच मांडवात, एकाच टेबलावर काढून देतात. मग बाईला फरक कळायचा कसा? तिची काही चूक नाही यात.

आता हे आलं कुठून? १५ ऑगस्ट २०२० ला सरकारने डिजिटल आरोग्य अभियान जाहीर केलं. आधी अंदमान, लडाख, पुद्दुचेरी अशा सहा केंद्रशासित प्रदेशांत करून पाहिलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू केलं. कल्पना साधी आहे. आपल्या घरात खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात पाच वर्षांचे केसपेपर, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, कधी एक्स-रे. दसऱ्याच्या साफसफाईत त्यातले निम्मे जातात, उरलेल्यातले थोडे उंदीर नेतो. डॉक्टर विचारतात, “आधी कोणती गोळी चालू होती?” आपण सांगतो, “पांढरी होती, बारकी.” आता पांढरी-बारकी गोळी बीपीचीही असते, थायरॉईडचीही आणि आणखी शंभर दुखण्यांची. तर ही पिशवी कॉम्प्युटरवर असावी, आणि जिथे जाल तिथे उघडता यावी, हा त्यातला हेतू.

आणि हा हेतू चांगला आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. नंतर आम्ही जे बोलणार आहोत ते ऐकून कुणी कार्ड चुलीत घालू नये म्हणून. ऊसतोडीला जाणारी पोटुशी बाई दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, आणि पोटात दुखायला लागतं ते दोनशे कोसांवरच्या फडात. तिथल्या डॉक्टरला तिचं रक्त किती होतं, आधीचं बाळंतपण सिझरचं होतं का, काही माहीत नसतं. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा माणसाला रात्री अपरात्री नवख्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर जुना रिपोर्ट हाताशी असण्याने उपचारात खूप फरक पडतो. लेकराच्या लशींचं कार्ड पुरात वाहून गेलं म्हणून शाळेच्या दारात अडलेल्या आया आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हा नोंद जपून ठेवणं आणि ती गरजेला मिळणं ही चैन नव्हे.

पण नोंद म्हणजे रेशनकार्ड नव्हे. रेशनकार्डावर काय लिहिलंय ते शेजारणीला कळलं तर काय बिघडलं? केसपेपरावर काय लिहिलंय ते कळलं तर एखादीचं घर मोडतं. म्हणून ही नोंद कुणाला दाखवायची, किती दाखवायची, की दाखवायचीच नाही, हे ठरवायचा हक्क जिची नोंद आहे तिचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. शिकल्यासवरल्या लोकांपुरता नाही, सगळ्यांचा.

आता हे चालतं कसं, ते नीट ऐका. आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कपाटात जाऊन पडतात असं नाही. ज्या दवाखान्याने तपासलं, त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये ते राहतात. आभा क्रमांक म्हणजे त्या सगळ्यांतून ओवलेला दोरा. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचे असतील तर तो मागणी पाठवतो. त्या मागणीत लिहिलेलं असतं की मागतंय कोण, कशासाठी, कोणते कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि किती दिवसांपर्यंत बघणार. आपण ‘हो’ म्हटलं तरच ते जातात. सगळ्याला ‘हो’ म्हणावं लागत नाही. डोळ्याच्या डॉक्टरला चष्म्याचे कागद दाखवा, बाळंतपणाचे कशाला? दिलेली परवानगी पुढे काढूनही घेता येते. मात्र जे एकदा वाचून झालं ते डोक्यातून पुसता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

रुग्णालयाच्या दारात जो चौकोनी ठिपक्यांचा फलक लावलेला असतो, तो मोबाईलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता, फोन नंबर एवढंच खिडकीपाशी जातं आणि टोकन लवकर मिळतं. त्यात आजाराचे कागद जात नाहीत. रांग वाचते. त्याला भिण्याचं कारण नाही.

कॉम्प्युटरमधलं सगळं अगदी कुलूपबंद असतं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथे कागद-पेनावर काम करावं लागलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाची ही गत, तर तालुक्याच्या ठिकाणच्या लॅबने कुलूप कसं लावलं असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता जरा लांब, इंग्लंडला जाऊन येऊ. तिथे काय घडलं ते आपल्या कामाचं आहे. तिथे सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा आहे आणि प्रत्येक माणूस आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नोंदलेला असतो. २०१३ साली तिथल्या सरकारने ठरवलं की या सगळ्या डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र गोळा करायच्या, संशोधनाला आणि योजना आखायला. जो माणूस ‘माझी नको’ असं कळवेल त्याची वगळायची, बाकी सगळ्यांची घ्यायची. म्हणजे गप्प बसलात तर ‘हो’. २०१४ च्या जानेवारीत घरोघर पत्रक टाकलं. पुष्कळांना ते मिळालंच नाही, आणि ज्यांना मिळालं त्यातल्या कित्येकांनी जाहिरातींच्या कागदांबरोबर ते टाकून दिलं. मग गवगवा झाला. आमच्या दुखण्याची नोंद विमा कंपनीच्या हाती जाईल का? कुणाला विकणार आहात? सरकारला धड उत्तरं देता येईनात. फेब्रुवारीत काम थांबवलं आणि २०१६ च्या जुलैत ती योजनाच गुंडाळली. दहा लाखांहून जास्त लोकांनी ‘आमची नको’ असं लिहून दिलं होतं. २०२१ मध्ये वेगळ्या नावाने पुन्हा तसाच घाट घातला, पुन्हा लोक बिथरले, पुन्हा पुढे ढकलावं लागलं. त्या लोकांचा संशोधनाला विरोध होता असं नाही. आपल्याला न विचारता घेतात, याचा राग होता.

आपल्याकडचा नियम कागदावर त्याहून बरा आहे. इथे गप्प बसणं म्हणजे ‘हो’ नाही. विचारूनच घ्यायचं, आभा काढायची की नाही हे ऐच्छिक, असं सरकारचंच म्हणणं आहे. पण प्रत्यक्षात? २०२१ मध्ये कोविडची लस घेताना ज्यांनी आधार दाखवलं, त्यातल्या अनेकांचा हा आरोग्य क्रमांक तेव्हाच तयार झाला. लशीच्या प्रमाणपत्रावर छापूनही आला. तो बघून लोक एकमेकांना विचारत होते, हा कसला नंबर?

आणि आता शिबिरात कसं चालतं ते तर आपण रोज बघतो. टेबलाशी पोरगा बसलेला असतो. “मावशी, आधार द्या. नंबर आला का? सांगा पटकन.” मावशी फोन पुढे करते, तो सहा आकडे टिपतो, संपलं. स्क्रीनवर मोठं पानभर लिहिलेलं असतं की मी हे समजून-उमजून मान्य करते. मावशीने ते पाहिलेलंच नसतं. पूर्वी अंगठा देताना निदान विचारायची रीत होती, “कशावर देऊ?” आता रेशनला ओटीपी, गॅसला ओटीपी, लाडकी बहीणच्या ई-केवायसीला ओटीपी. हाताला सवयच लागली आहे. सहा आकडे सांगणं म्हणजे सही करणं, हे मनातून पुसूनच गेलं आहे. त्या पोराला किंवा आशाताईला दोष द्यायचा नाही आम्हाला. त्यांच्यावर वरून आकड्यांचा दट्ट्या असतो. इतके कार्ड आज झालेच पाहिजेत. पण त्यांचा आकडा पुरा व्हावा म्हणून आपली सही फुकट जाऊ नये.

आता खरा मुद्दा. ओटीपी येतो कुणाच्या फोनवर?

बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा आधी हशा होतो. मग एकेक जण सांगू लागते. कुणाच्या आधारला मालकांचा नंबर आहे, कुणाच्या दिराचा, कुणाच्या पुण्याला असलेल्या मुलाचा. एकीच्या आधारला लग्नाआधीचा भावाचा नंबर होता, आणि तो भाऊ आता हिच्याशी बोलत नाही. काही ठिकाणी आशाताईंनीच घाईत स्वतःचा नंबर दहा-दहा बायकांना लावून दिलेला असतो. आता गंमत बघा. आभाचं ॲप मोबाईल नंबरवरच्या ओटीपीने उघडतं. म्हणजे नंबर ज्याचा, त्याला माझी पिशवी उघडता येते. माझा रिपोर्ट जोडला गेल्याचा संदेश त्याला जातो. परवानगीची मागणी त्याच्यापुढे येते. कायदा म्हणतो, बाईची संमती घ्या, आणि संमती देतोय तिचा दीर.

ज्या घरात सगळं गोडीगुलाबीचं आहे तिथे हे चालून जातं. पण आपण काय फक्त सर्दी-तापाला दवाखान्यात जातो? सासूला न सांगता तांबी बसवून घेतलेल्या सुना आपल्यात आहेत. गर्भ पाडून घ्यावा लागलेल्या आहेत. लग्न ठरायच्या आधी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा केलेली पोरगी आहे. ती पूर्ण बरी झाली आहे, पण सोयऱ्यांना कळलं तर तिचं काय होईल हे सांगायला नको. झोपेच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या आहेत. नवऱ्याकडूनच एचआयव्ही घेऊन आलेल्या आणि वर त्याचेच बोल ऐकणाऱ्या आहेत.

यांच्यासाठी कायदे आहेत, आणि ते चांगले आहेत. कायद्याच्या मुदतीत गर्भपात करून घेताना अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे तिचं नाव कायद्याने अधिकार असलेल्या माणसाखेरीज कुणाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीचा कायदा २०१७ चा. त्यातही काही ठरावीक अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही असं आहे. मनाच्या आजारालाही २०१७ च्याच कायद्याने हा आडोसा दिला आहे. डॉक्टरच्या तोंडाला कायद्याने कुलूप लावलं खरं, पण रिपोर्ट जर मालकांच्या फोनवर वाजत आला, तर त्या कुलपाचा उपयोग काय?

म्हणून आम्ही सांगतो, कार्ड काढायचं की नाही हा दुसरा प्रश्न. पहिलं काम नंबरचं. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. आधार केंद्रात स्वतः जाऊन ते करून घेता येतं. आभा आधीच काढलेलं असेल तर त्यातला नंबर ॲपमध्ये बदलता येतो. स्वतःचा फोनच नसेल, तर निदान ज्याचा नंबर दिलाय त्याच्यावर आपला किती भरवसा आहे हे मनाशी ठरवून मग काय जोडायचं ते ठरवा. आणि एक अगदी सोपी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. कार्ड असलं म्हणजे दर वेळी दाखवलंच पाहिजे असं नाही. बीपी-शुगरला जाल तेव्हा आभा सांगा. ज्या दिवशीचं कारण गुपित ठेवायचं असेल त्या दिवशी सांगू नका, साधा केसपेपर काढा. “आज आभाला जोडायचं नाही” एवढंच म्हणा. कारण सांगायची सक्ती नाही.

समजा मुळीच नको असेल, तर? शिबिरात ‘मला काढायचं नाही’ म्हणता येतं. उपचार त्यावाचून अडत नाहीत, आयुष्मान कार्ड बंद होत नाही. काढलेलं असेल तर ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून काही काळ बंद ठेवता येतं, नाहीतर कायमचं काढून टाकता येतं. बंद ठेवलेलं पुन्हा चालू होतं, म्हणून ज्यांचं मन दोन्हीकडे आहे त्यांनी आधी बंद ठेवून बघावं. पण आभा पुसलं म्हणून दवाखान्यातला कागद पुसला जात नाही. तो तिथे राहतोच, फक्त दोरा तुटतो. आशाताईच्या वहीतली गरोदरपणाची नोंद, टीबी झाल्यास डॉक्टरने सरकारला कळवायची नोंद, या वेगळ्या आहेत आणि त्या चालूच राहतात. टीबीची कळवणी २०१२ पासून बंधनकारक आहे, तिथे ‘नको’ म्हणता येत नाही. साथीच्या रोगात ते योग्यच आहे असं आमचं मत.

बैठकीत एक आक्का म्हणाल्या, “मग कशाला ही भानगड? सगळ्यांनीच नाही म्हणावं.” त्यावर आम्ही त्यांना बीडची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या जातात, हे तिथल्या बायकांना वर्षानुवर्षं माहीत होतं. पण प्रत्येकीला वाटायचं, हे माझंच नशीब. २०१९ मध्ये बोभाटा झाला, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा कुठे खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनच्या आधी परवानगी, तपासणी असले नियम लागले. एकटीची नोंद म्हणजे एकटीचं दुखणं. हजारोंच्या नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हा त्यातला धंदा उघडा पडला. नोंदीच नसत्या आणि प्रत्येकीने पदर ओढून घेतला असता, तर ते डॉक्टर आजही सुखात राहिले असते.

त्या पाहणीला कुणाचं नाव छापावं लागलं नाही. आरोग्य नोंदींच्या २०२० च्या धोरणातही अशीच सोय आहे, नावगाव काढून एकत्र केलेली माहिती संशोधनाला देता येते. यात आम्हाला एक खोच दिसते. मुंबईत नाव काढलं की माणूस गर्दीत हरवतो. आपली वाडी चाळीस उंबऱ्यांची. ‘अमुक वाडी, वय बत्तीस, जुळी मुलं, नंतर पिशवी काढली’ एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच काय, सगळ्या वाडीला कळलं. तेव्हा नाव काढलं म्हणजे झालं असं कुणी सांगितलं तर आपण विचारायचं, गावही काढलंय का? ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा हे विचारायला चांगली जागा आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीचा कायदाही झाला आहे. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, आणि ती परत घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात लिहिलंय. त्या आधाराने बोला.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की एक काम करा. प्रत्येकीने सांगायचं, आपल्या आधारला कुणाचा नंबर आहे. माहीत नसेल तर शोधून काढायचं. गटात ज्या मुलीला मोबाईल चांगला चालवता येतो तिने बाकीच्यांना ॲपमध्ये दाखवायचं, काय काय जोडलं गेलंय ते. मात्र दाखवताना फोन मालकिणीच्याच हातात राहू द्या. आणि शिबिरात जाल तेव्हा सहा आकडे सांगण्याआधी जुनाच प्रश्न विचारा, “कशावर देऊ?” टेबलापलीकडचा माणूस दोन मिनिटं थांबेल, त्याचं काही बिघडत नाही.

पुढच्या भागात उपकेंद्राच्या सिस्टर आपल्याशी बोलायला येणार आहेत. त्यांना विचारायचे प्रश्न केंद्रावर फोन करून सांगा, नाहीतर चिठ्ठी पाठवा. नाव लिहायची गरज नाही. गावाचंही नको.